ढिगाचा चौथा भाग

नव्या वाचनालयाच्या तळघरासाठी खोदकाम सुरू झालं आणि निघालेली माती शेजारच्या मोकळ्या जागेत पडू लागली. पंधरा दिवसांत ढीग एवढा वाढला की समोरच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या लोकांना खिडकीतून ढिगाशिवाय दुसरं काही दिसेना. ही माती टाकून द्यायची नव्हती. दोन गल्ल्या सोडून एका शाळेचं मैदान होतं, सखल, जरा पाऊस पडला की तळं व्हायचं. ते मैदान या मातीने भरून वर घ्यायचं ठरलं होतं. फक्त त्याआधी एका बाईने ‘चालेल’ म्हणायला हवं होतं.

ही बाई प्रयोगशाळेत माती तपासायची. खोदकामावरचे लोक तिला मॅडम म्हणत. तिच्या सासूबाई मात्र कुणीही विचारलं की, “सून मातीत काम करते,” एवढंच सांगून मोकळ्या होत, आणि ऐकणारा तिच्या हातांकडे सहानुभूतीने बघे.

ती पहिल्या दिवशी ढिगावर आली ती खुंट्या, बाटल्या आणि हाताने फिरवायचं लांब गिरमिट घेऊन. तिने ढिगाचे चार भाग पाडले, तीन मोठे आणि रस्त्याकडच्या कोपऱ्यातला चौथा अगदी लहान, चारी कडांना खुंट्या ठोकल्या आणि कामाला लागली. एकेका भागात दहा ठिकाणी गिरमिट घालायचं, वरची नाही तर आतली माती काढायची, दहाही ठिकाणची एका बादलीत कालवायची, खडे वेचायचे आणि बाटली भरून चिठ्ठी लावायची. मुकादम कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होता. तीस वर्षं त्याने माती इकडची तिकडे केली होती, पण बाटलीत भरलेली कधी पाहिली नव्हती.

“मॅडम, माती ती. तिला काय ताप आलाय?”

“आला असला तर हात लावून कळत नाही ना, म्हणून तर बाटल्या भरतेय.”

मुकादमाने चिमूटभर माती उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले. “एक नंबर आहे. लिहून घ्या.”

“शिशाला वास नसतो, मुकादम.”

“वास नाही म्हणजे शिसंही नाही. झालं की काम!”

ती हसली आणि पुढचं भोक पाडायला लागली. तीन भागांतली माती पिवळट, चिकट, नेहमीसारखी होती. चौथ्या भागाची मात्र वेगळीच निघाली. काळीभोर, भुसभुशीत, मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावलं की मोकळा व्हावा अशी. तिने उगाचच दोनदा मूठ भरून बघितली. बाटल्या पेटीत घालून, “निकाल पाचव्या दिवशी, तोवर हात लावू नका,” असं मुकादमाला बजावून ती निघाली.

आणि घरी जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, “आई, आज काय सुंदर काळी माती बघितली म्हणून सांगू! वाचनालयापाशी. तुम्ही तर वेड्याच झाला असता.”

सासूबाईंनी वाढता वाढता पळी हवेतच थांबवली. “कुठल्या बाजूला?”

“रस्त्याकडच्या कोपऱ्यात,” ती म्हणाली आणि ते विसरूनही गेली.

सासूबाईंची बाग म्हणजे घराची लांबलचक गॅलरी. तीत माणसाला उभं राहायला दोन फरशा उरल्या होत्या, बाकी सगळ्या कुंड्या. शिवाय आसपासच्या इमारतींतल्या बागवेड्या लोकांचा फोनवर एक गट होता आणि त्या गटाचा कारभार त्यांच्या हाती होता. कुणाकडे कशाची रोपं आहेत, कुणाचा कढीपत्ता रुसलाय, कुणाला शेवंतीची फांदी देणं आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

पाचव्या दिवशी सकाळी निकाल आला. पहिले तीन भाग स्वच्छ. चौथ्या भागात शिसं, चालेल त्या प्रमाणाच्या साडेतीन पट. तिने कागद दोनदा वाचला, बाटलीवरची चिठ्ठी तपासली, आणि मनातल्या मनात त्या सुंदर काळ्या मातीला चार शब्द सुनावले. मग मुकादमाला स्वतःच सांगावं म्हणून ती खोदकामावर गेली.

ढिगापाशी पोचल्यावर तिला आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्या बाजूने आलो. तीन भाग जागच्या जागी होते. चौथ्या भागाच्या जागी, कुणीतरी मोठा घास तोडावा तशी खोबण होती. तिची खुंटी एका बाजूला कलंडून पडली होती.

“मुकादम! इथली माती कुठे गेली?”

“लोकांनी नेली,” मुकादम आनंदाने म्हणाला. “परवापासून नुसती रीघ! घमेली काय, बादल्या काय, एक बाई तर बाळाची ढकलगाडी घेऊन आल्या. बाळ कडेवर, माती गाडीत.”

“आणि तुम्ही नेऊ दिलीत?”

“तुम्हीच पास केली म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“एक आजी आल्या होत्या पहिल्यांदा. पांढरे केस, काळा गॉगल, हातात खुरपं. म्हणाल्या, माझी सूनच तपासते, ती म्हणाली उत्तम माती आहे.” मुकादमाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. “का हो? नव्हती पास?”

तिने कलंडलेली खुंटी उचलली. पांढरे केस आणि खुरपं दुसऱ्या कुणाचंही असू शकलं असतं. पण उन्हातान्हात डोळे जपणारा तो भला मोठा काळा गॉगल, मोतीबिंदू काढल्यावर मिळालेला आणि नंतर आवडून गेलेला, गावात एकच होता.

घरी गेली तेव्हा सासूबाई गॅलरीत त्या दोन फरशांवर उभ्या राहून एका नव्या कुंडीला पाणी घालत होत्या. कुंडीत काळीभोर माती होती. शेजारी तशाच आणखी तेरा.

“आई, ही माती कधी आणलीत?”

“परवा. तू म्हणालीस ना!” सासूबाई खुलल्या. “बघ, तीन दिवसांत टोमॅटोच्या रोपांनी मान वर केली. गटातही सांगितलं मी सगळ्यांना. एवढं सोनं पडलंय आणि मैदानात पुरणार, म्हणजे काय!”

“आई, त्यात शिसं निघालं.”

झारीचं पाणी कुंडीत पडत राहिलं, कुंडी भरून फरशीवर आलं. सासूबाईंनी झारी खाली ठेवली. “मी त्यात कंपोस्ट घातलंय,” त्या म्हणाल्या.

“कंपोस्टने शिसं जात नाही.”

“पण माझी माती ढिगाच्या कडेची, तिथल्या नळाच्या बाजूची होती. तिकडची चांगली असेल.”

“असेलही. नसेलही.”

“तू बाटलीत भरलीस ती माती वेगळी, माझ्या कुंडीतली वेगळी.” सासूबाई कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. “माझी कुंडी तपास. तपासल्याशिवाय मी एक चिमूट ओतणार नाही.”

खरं तर सासूबाईंचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच तिला जास्त लागलं. न तपासता निकाल देणं हे तिच्याच धंद्यात बसत नव्हतं. “यातलं काही खाल्लंत का?” एवढंच तिने विचारलं.

“तीन दिवसांत काय खाणार? टोमॅटोची फुलं?”

तेवढं तरी बरं होतं.

दुपारी ती सरांसमोर उभी राहिली. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, सावध माणूस. समोर दोन पर्याय असले की ते तिसरा शोधत, ज्यात काहीच करावं लागत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

“ढिगात किती माती उरलीय?”

“तीन भाग. ते स्वच्छ आहेत.”

“मग तीन भागांचा अहवाल द्या. जी माती ढिगात नाही, ती अहवालात कशाला?”

“पण ती लोकांच्या घरात आहे, सर.”

“लोकांनी नेली.”

“माझ्या नावाने नेली. ढिगाभोवती दोरी बांधून ‘तपासणी चालू आहे’ अशी पाटी लावणं माझं काम होतं. मी चार खुंट्या ठोकल्या आणि घरी जाऊन मातीचं कौतुक केलं.”

सरांनी चष्मा पुन्हा पुसला. मग उठले, कपाट उघडलं आणि हातात धरायचं ते यंत्र बाहेर काढलं, जे ते एरवी कुणाला बघूही देत नसत. दिसायला पिस्तुलासारखं. मातीला नळी टेकवून चाप ओढला की मिनिटभरात शिशाचा आकडा दाखवतं. “पाडू नका,” सर म्हणाले. “आणि कुणाच्या अंगावर रोखू नका.”

पहिली तपासणी स्वतःच्याच गॅलरीत झाली. सासूबाई एकेक कुंडी पुढे सरकवत होत्या, परीक्षेला मुलं आणल्यासारख्या, प्रत्येकीविषयी दोन चांगले शब्द बोलून. यंत्र टेकवायचं, मिनिटभर गप्प बसायचं, आकडा बघायचा. चौदांपैकी नऊ नापास झाल्या. पाच खरोखरच ठीक होत्या. नळाच्या बाजूची गोष्ट अगदीच खोटी नव्हती.

सासूबाईंनी हातातली कुंडी खाली ठेवली. गॉगल काढून ठेवला, डोळे टिपले, ते उन्हामुळे असंही म्हणता आलं असतं. मग म्हणाल्या, “वही आण. मी घरं सांगते.”

“तुम्हाला माहीत आहे, कुणी कुणी नेली?”

“मीच नाही का धाडलं सगळ्यांना? एकोणीस घरं आहेत. पहिलं नाव माझं लिही.”

“आई, मी एकटी जाईन. तुम्हाला लोक काहीबाही बोलतील.”

“बोलू देत. तुला ते दार उघडणार नाहीत, मला उघडतील.”

आणि झालंही तसंच. पुढचे दोन दिवस सासू पुढे आणि पिस्तुलवाली सून मागे अशी वरात त्या भागात फिरली. सासूबाई बेल वाजवत आणि दार उघडायच्या आत सांगून टाकत, “मी दिलेली माती खराब निघाली. चूक माझी. कुंड्या बाहेर आणा.” बहुतेकांनी आणल्या. काहींनी कानांवर हात ठेवले. एक निवृत्त गणिताचे मास्तर तर शपथेवर सांगू लागले की त्यांनी मातीचा कण नेलेला नाही. तेवढ्यात त्यांच्या न्हाणीघरातून काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला, आणि त्यांच्या बायकोने आतूनच सांगितलं की सात कुंड्या आहेत आणि आता अंघोळ कुठे करायची हेही विचारा.

तिसऱ्या इमारतीतल्या एका बाईंनी नाक मुरडलं. “आमची माती माहेरची आहे.”

“तुझं माहेर याच जिन्यात, चौथ्या मजल्यावर,” सासूबाई म्हणाल्या. “तिथे कुठलं शेत पिकतं?”

कुंड्या आल्या. पाचही नापास.

प्रत्येक घरी ती तेच सांगे: माती कोरडी असताना उडवू नका, ओली करून या जाड पिशवीत भरा, हात साबणाने धुवा, लहान मुलांना लांब ठेवा. एका घरी मात्र अडचण आली. तिथल्या धाकट्या मुलीचा मासा दोन-तीन दिवसांपूर्वीच वारला होता आणि त्याला त्याच काळ्या मातीत पुरून वर झेंडू लावला होता. मुलगी कुंडीला मिठी मारून बसली. त्यावर काय बोलावं हे प्रयोगशाळेत शिकवलेलं नव्हतं. शेवटी सासूबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी तिला समजावलं की माशाला असंही कोरड्या जागी करमत नसेल. दोघींनी मिळून झेंडू नव्या मातीत हलवला. मासा कुठे गेला हे विचारायचं नाही असं बाकीच्यांनी ठरवलं.

सतरावं घर एका म्हाताऱ्या जुळाऱ्याचं होतं. पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे एकेक करून जुळवत आणि त्यातून पानं उभी राहत, ते काम त्याने तीस वर्षं केलं होतं. आता ऐंशी उलटली होती. एकाच कुंडीत एकच मिरचीचं रोप, पण त्याची निगा अशी की एकेक पान पुसलेलं. यंत्र टेकवल्यावर आकडा एवढा वर गेला की तिला वाटलं यंत्र बिघडलं. तिने मोजे घातले, खुरप्याने माती उकरली, आणि बोटभर खाली एक काळपट तुकडा लागला. काडीपेटीतल्या काडीएवढा, पण चौकोनी आणि जड.

तिने तो ओल्या फडक्याने पुसून म्हाताऱ्यापुढे धरला. त्याने डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि एकदम खुर्चीत सरळ बसला.

“स्वल्पविराम,” तो म्हणाला.

“काय?”

“अहो, स्वल्पविराम आहे हा. बारा नंबरचा. आमच्या छापखान्यातला.” म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. “हे कायम कमी पडायचे. मालक म्हणायचे, तुम्ही खाता की काय! लेखकांना फोन करून सांगायचो, साहेब, दोन वाक्यं कमी जोडा.”

“आजोबा, छापखाना कुठे होता?”

“आता वाचनालय बांधतायत ना, तिथेच. पाडून तीस वर्षं झाली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

कुणीच सांगितलं नव्हतं. कागदोपत्री ती जागा ‘मोकळी’ होती, आणि त्याआधी काय होतं हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तिलाही नाही. आता तिला एक प्रश्न छळत होता, जो ती दोन दिवस मागे ढकलत होती. खोदकाम अजून अर्धंच झालं होतं. पुढेही तशीच माती निघणार का? सगळी जागाच तशी असली तर उरलेल्या तीन भागांवर तरी किती विश्वास ठेवायचा?

“छापखान्यात शिसं सांडायचं कुठे, आजोबा?”

“सांडायचं काय म्हणून? झिजलेले खिळे परत वितळवायचे. मागच्या अंगणात भट्टी होती. वर येणारा मळ आणि राख एका खड्ड्यात टाकायची. वर पालापाचोळा.” तो थांबला. “तरीच काळी दिसत होती होय!”

म्हाताऱ्याला घेऊन दोघी खोदकामावर गेल्या. मुकादमाने त्याला डोक्यावर घालायला टोपी दिली, ती कानांपर्यंत उतरली. म्हातारा काठी टेकत खड्ड्याच्या कडेला आला, आजूबाजूच्या इमारतींकडे बघत राहिला, आणि म्हणाला, “सगळंच बदललंय.” तिचं मन खट्टू झालं. पण मग त्याला मागच्या बाजूची जुनी दगडी भिंत दिसली, तिच्यातली बुजवलेली कमान दिसली, आणि तो भिंतीकडे पाठ करून चालू लागला. पावलं मोजत. चौदा मोजून थांबला, आणखी दोन पुढे गेला. “तेव्हा माझी टांग लांब होती,” असं म्हणून त्याने काठी टेकवली.

मुकादमाने खोदायचं यंत्र लांब ठेवायला सांगितलं आणि स्वतः फावडं घेतलं. हातभर खाली पिवळी माती संपून काळी लागली, तिच्याखाली करड्या, जड खड्यांचा थर. तिने यंत्र टेकवलं. आकडा बघून मुकादमाने नाकाला हात लावला, वास घेतला नाही.

मग तिने त्या जागेभोवती एकेक पाऊल मागे सरत यंत्र टेकवायला सुरुवात केली. एक पाऊल, वाईट. दोन पावलं, वाईट. चार पावलांवर आकडा उतरला. सहाव्यावर पिवळी माती लागली आणि आकडा साधा झाला. चारी बाजूंनी तेच. म्हणजे शिसं त्या खड्ड्यापुरतंच होतं. खोदताना यंत्राने त्याचा निम्मा भाग उचलून ढिगाच्या कोपऱ्यात टाकला होता, आणि निम्मा अजून खाली होता. तिचा जीव भांड्यात पडला. 

पुढचा आठवडा कामाचा गेला. खड्डा जाड कापड अंथरलेल्या डब्यांत उपसला गेला. एकोणीस घरांतल्या पिशव्याही त्यातच. घातक माती घेणाऱ्या ठिकाणी ते सगळं रवाना झालं. मुकादमाने ढिगाभोवती दोरी बांधली, आणि कुणी न सांगता पाटीही लिहिली: ‘तपासणी चालू. आजीसुद्धा नको.’ तिने ‘आजीसुद्धा नको’ खोडायला लावलं. उरलेल्या ढिगाचे या वेळी चाराऐवजी बारा भाग पाडले, नव्याने नमुने घेतले, खड्ड्याच्या तळाचे आणि भिंतींचेही. सगळे स्वच्छ आले.

अहवालात तिने सगळं लिहिलं. जागेचा इतिहास आधी विचारला नाही, हेही. ढिगाला दोरी नव्हती, हेही. ‘तपासनिसाच्या घरी नऊ कुंड्या’ ही ओळ वाचून सर थांबले.

“ही ओळ लिहायलाच हवी?”

“घरांची यादी आहे, सर. एक नाव गाळलं तर यादी कसली?”

सरांनी बराच वेळ तिसरा पर्याय शोधला. सापडला नाही, तेव्हा सही केली. मग, कधी नव्हे ते, स्वतःच म्हणाले की यापुढे प्रत्येक जागेच्या आसपासची म्हातारी माणसं आधी गाठायची, असा नियम करायला हरकत नाही.

गटात सासूबाईंना थोडं ऐकून घ्यावं लागलं. माहेरच्या मातीवाल्या बाई दोन दिवस फक्त अंगठे पाठवत राहिल्या. पण कारभार सासूबाईंकडेच राहिला, कारण शेवंतीच्या फांद्यांचा हिशोब दुसऱ्या कुणालाच जमेना. म्हातारा जुळारी आता गटाचा सभासद झाला होता. तो संदेश फार सावकाश लिही, पण प्रत्येक वाक्यात चिन्हं जागच्या जागी असत. बाकीच्यांच्या संदेशांत दिसणाऱ्या चुका तो खाजगीत कळवायचा. दोघांनी गट सोडला.

मैदान भरायला सुरुवात झाली त्या दिवशी मॅडम सकाळपासून तिथे उभी होती. एकेक गाडी येई, माती ओती, यंत्र ती पसरवी. शाळेची मुलं जाळीला नाकं लावून बघत होती. दुपारी रूळ फिरला आणि मैदान सपाट झालं, आधी पाणी साचायचं तिथेही. मुख्याध्यापकांनी मुलांना आत सोडलं. पहिली दहा मिनिटं कुणी खेळलं नाही, सगळे नुसते इकडून तिकडे पळाले.

ती चार वाजता घरी आली, बूट दाराबाहेर काढले, हात कोपरापर्यंत धुतले आणि सोफ्यावर आडवी झाली ती तशीच झोपली. सासूबाईंनी तिच्या पायांवर चादर घातली आणि गॅलरीचं दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ होते, हातात पिशवी. गावाहून येताना रस्त्याच्या कडेची लाल माती आणली होती, फार छान दिसते, गुलाबाला चालेल का, असं विचारत होते.

सासूबाईंनी पिशवी उघडून आत डोकावलं. माती खरंच छान होती. त्यांनी पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि ती चपलांच्या कपाटाशेजारी ठेवली.

“सांगता येत नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “सून झोपलीय. उठली की विचारते, तोवर हात धुवून या.”